गुमास्त्याची पत

सांप्रत ज्या गोष्टींचा गवगवा फार आणि विचार थोडा होतो, त्यांत सॉफ्टवेअर एजंट ही एक गणली पाहिजे. एजंट म्हणजे गुमास्ता. धन्याने काम सांगावे आणि गुमास्त्याने धन्याच्या वतीने बाजारात जाऊन भाव करावा, सौदा ठरवावा, पैसा द्यावा-घ्यावा, हा व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. फरक इतकाच की, हा नवा गुमास्ता हाडामांसाचा नसून आज्ञावलीचा बनलेला आहे. मुंबईच्या एखाद्या चाकरमान्याने आपल्या फोनास सांगावे की, 'मे महिन्यात चार दिवस तोंडवलीस समुद्राकाठी उतरण्याची सोय पाहा, भाडे अमुक रकमेच्या आत असावे'. मग त्या फोनातील गुमास्त्याने तोंडवलीतील एखाद्या घरगुती निवासाच्या गुमास्त्याशी परस्पर बोलणे करावे, खोली राखून ठेवावी व आगाऊ रक्कमही भरावी, अशी ही कल्पना आहे. ही केवळ कल्पनाही राहिलेली नाही. असे दोन गुमास्ते एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलतील याचे नियम गूगल कंपनीने २०२५ च्या एप्रिलात प्रसिद्ध केले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या एका परिषदेत, संभाषण करणाऱ्या यंत्राच्या हातून यू.पी.आय.ने पैसे देण्याचा प्रयोग सुरू होत असल्याचे जाहीर झाले.

आता दोन्ही बाजूंस धनी झोपलेला आणि गुमास्ते जागे, अशी स्थिती आली म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. समोरचा गुमास्ता विश्वासास पात्र आहे किंवा नाही, हे आपल्या गुमास्त्याने कशावरून ठरवावे? हा प्रश्न इंजिनियर लोकांचा आहे असे समजून आमचे पुष्कळ पालक तो सोडून देतील. परंतु आमच्या मते ज्याने जन्मात एकदा तरी उधारी दिली आहे, त्या प्रत्येकास या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे.

प्रथम माणसांचे पाहू. तोंडवली-तळाशीलच्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर, एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी अशा ठिकाणी, रापण ओढली जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांस विश्वास ही काय वस्तू आहे हे निराळे सांगावयास नको. होडीने जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकावयाचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाचे. कोण दोराला नुसता हात लावून उभा आहे आणि कोण खरोखर जोर करतो, हे शेजारच्यास तत्काळ कळते. शिवाय तोच मनुष्य उद्या सकाळी त्याच दोराला येणार असतो. त्याचे घर, त्याचा आजा, त्याची सोयरीक सर्वांस ठाऊक असते. ओळख, पाहणी आणि उद्याची गाठ, या तिन्ही गोष्टी तेथे फुकट मिळतात.

लांबच्या व्यवहारात त्या फुकट मिळत नाहीत, विकत घ्याव्या लागतात. मुंबईच्या गिरणीतून तोंडवलीस येणारी मनीऑर्डर हे त्याचे घरगुती उदाहरण. टपालखात्याने हे काम १८८० साली हाती घेतले, आणि पुढे पिढ्यानुपिढ्या कोकणातील चुली त्यावर पेटल्या. पैसे पाठविणारा पोस्टमनास ओळखीत नसे. तो सरकारच्या खात्यास ओळखीत असे. पैसे घेणारी म्हातारी खात्यास ओळखीत नसे. ती पोस्टमनास ओळखीत असे. पोस्टमन तिचा चेहरा ओळखून, अंगठा घेऊन, साक्षीदाराची सही घेऊन रक्कम हाती ठेवी. अनोळखी माणसांमध्ये विश्वासाचा पूल बांधला जातो तो असा, एकेक ओळखीच्या खांबावर.

पेढीवाल्यांनी याहून सूक्ष्म विचार केला होता. हुंड्यांच्या प्रकारांत 'शाहजोग' म्हणून एक प्रकार असे. अशा हुंडीचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कोणाही मनुष्यास मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहाच्या, म्हणजे प्रतिष्ठित सावकाराच्या हातीच ते द्यावयाचे. यातील मख्खी ध्यानात घेण्यासारखी आहे. हुंडी पुढे खोटी निघाली, तर जो शाह पैसे घेऊन गेला त्यास धरता येई. त्याची पेढी त्याच बाजारात असे, तो पळून जाणार कोठे! हुंडी सकारणाऱ्यास कागदाची परीक्षा करावी लागेच. परंतु त्याचा खरा भरवसा कागदावर नसे, कागद आणणाऱ्याच्या जबाबदारीवर असे. हा मुद्दा आम्हांस पुढे लागणार आहे.

यंत्रांचे काय चालते ते आता पाहू. एक यंत्र दुसऱ्याजवळ प्रथम मागते ती ओळख, आणि ही ओळख म्हणजे शिक्कामोर्तब. मराठी राज्यातील पत्रांवर आरंभी मुद्रा व शेवटी मोर्तब असे. मोर्तब झाल्यावर खाली आणखी एखादी ओळ घुसडण्यास जागा राहत नसे. आजची अंकीय स्वाक्षरी हेच काम गणिताने करते. पत्रातील एक अक्षर जरी बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही; आणि ती स्वाक्षरी अमुक धन्याचीच आहे असा दाखला देण्यास तिसरी एक संस्था असते, तिचा दाखला देण्यास तिच्या वरची दुसरी. ही साखळी वर वर जात शेवटी अशा थोड्या संस्थांपाशी थांबते की, ज्यांस आपले संगणक जन्मतःच खरे मानून चालतात.

ही व्यवस्था उत्तम आहे आणि तिच्यावाचून आज बँकेचा एक व्यवहारही चालणार नाही. परंतु तिचे मर्म कळण्यासाठी कोकणातीलच एक जुनी हकीकत आठवावी. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. तथापि ते जिवंत असल्याची आशा लोकांनी सोडली नव्हती, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत वैधव्य पत्करले नाही. या आशेचा फायदा घेऊन एक तोतया उभा राहिला. तो पकडला जाऊन रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असता, १७७६ साली तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्यास भाऊसाहेब म्हणून बाहेर काढले. एका जबाबदार अंमलदाराने मान्यता दिली असे पाहताच कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले, फौज जमली, आणि पुणे दरबारास त्याच्यावर मोठे सैन्य पाठवावे लागले. शेवटी रघूजी आंग्रे यांनी त्यास पकडले. पुण्यास चौकशी होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकर यांनी या प्रकरणावर नाटक लिहिले आहे. आमच्या वाचनालयात ते असल्यास विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.

या हकीकतीत आम्हांस तोतयापेक्षा सुभेदार अधिक बोधप्रद वाटतो. किल्लेदारांपैकी बहुतेकांनी तोतयाची परीक्षा केली नसावी. त्यांनी सुभेदाराच्या मान्यतेवर विसंबून दरवाजे उघडले असावेत. साखळीतील वरची एक कडी कच्ची निघाली की खालच्या सगळ्या कड्या आपोआप कच्च्या होतात.

हेच आपल्या देशात यंत्रांच्या बाबतीत घडले आहे. २०१४ च्या जुलैत असे आढळून आले की, सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या दाखल्यांखाली गूगलच्या कित्येक संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत दाखले निघाले होते. या केंद्रास दाखले देण्याचा अधिकार देशाच्या प्रमाणन नियंत्रकाकडून मिळालेला. नियंत्रकाचे नाव विंडोज संगणकांच्या विश्वसनीय यादीत. म्हणून ते खोटे दाखले जगातील असंख्य संगणकांस खरे वाटण्याजोगे होते. नियंत्रकाने लगेच दुसऱ्या दिवशी त्या केंद्राचे अधिकार काढून घेतले, आणि गूगलनेही पुढे आपल्या ब्राउझरात नियंत्रकाच्या दाखल्यांची मान्यता थोड्या सरकारी व तत्सम संकेतस्थळांपुरतीच ठेवली. आता असे दाखले सार्वजनिक वहीत नोंदविण्याची प्रथा पडली आहे, म्हणजे आपल्या नावाने कोणी दुसरा दाखला काढला तर धन्यास तो दिसावा. उपाय चांगला आहे. परंतु वही कोणीतरी वाचली तरच तिचा उपयोग.

समजा, ओळख पूर्णपणे खरी ठरली. तरी काय झाले? अमुक मनुष्य खरोखर अमुकच आहे एवढ्याने तो प्रामाणिक ठरत नाही, हे सांगण्यास पंडित नको. नव्या गुमास्त्यांजवळ आपली नावनिशी व आपण काय काय काम करतो याचे एक पत्रक असते, आणि ते पत्रक त्यांच्या धन्यानेच लिहिलेले असते! त्यावर स्वाक्षरी असली म्हणजे लिहिणारा कोण ते कळते. लिहिलेले खरे की खोटे ते कळत नाही. म्हणून मग कीर्तीकडे वळावे लागते. पूर्वी याच्याशी ज्यांनी व्यवहार केला, त्यांचा अनुभव काय?

कीर्तीवर विसंबण्यात दोन संकटे आहेत. पहिले संकट खोट्या साक्षीदारांचे. गावात दहा माणसे साक्षीस आणावयाची तर दहा माणसे लागतात. यंत्रांच्या जगात एक मनुष्य हजार नावे धारण करून स्वतःचीच स्तुती करू शकतो. जॉन डूसर या संशोधकाने २००२ साली असे दाखवून दिले की, नावनिशीची खात्री करणारा कोणी मध्यस्थ नसेल तर हा कपटप्रकार पुरतेपणी रोखता येत नाही. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील मंडळींनी एक सुंदर युक्ती मांडली. प्रत्येक साक्षीदाराच्या शब्दाचे वजन त्या साक्षीदाराच्या स्वतःच्या पतीवरून ठरवावे, त्याची पत पुन्हा इतरांच्या शब्दावरून, असे गणित फिरवीत जावे. आपल्याकडे सोयरीक जुळविताना वडीलमाणसे हेच करतात. चौकशी करणाऱ्याचीही चौकशी करतात. परंतु याही पद्धतीत, आरंभी काही मंडळी विश्वसनीय आहेत असे गृहीत धरावेच लागले. पाया कोठून तरी उसना आणावाच लागतो.

दुसरे संकट नवख्याचे आहे, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही म्हणून आम्ही येथे थोडे थांबतो. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी आज्ञावलींची एक प्रसिद्ध स्पर्धा भरविली होती. तीत 'जशास तसे' वागणारी, पण पहिल्या भेटीत मात्र समोरच्यावर विश्वास टाकणारी अनातोल रापोपोर्ट यांची छोटीशी आज्ञावली पहिली आली. हे सर्व शक्य झाले ते समोरचा पुन्हा पुन्हा भेटणार होता म्हणून. जेथे ठकास जुने नाव टाकून नवे घेण्यास काही खर्च येत नाही, तेथे 'उद्याची गाठ' हा धाकच राहत नाही. आणि मग शहाणे गुमास्ते प्रत्येक नव्या नावाकडे संशयाने पाहू लागतात. ठक दहादा नाव बदलतो, त्याचा दंड भरतो तो प्रामाणिक नवखा.

तोंडवलीत एखादी मुलगी आमच्यासारख्या शाळेतून शिकून, आपल्या आईच्या दोन खोल्यांत पाहुण्यांची सोय करू लागली. जेवण उत्तम, भाडे वाजवी, वागणूक सचोटीची. परंतु तिच्या गुमास्त्यास कीर्ती कोठून असणार? मुंबईच्या गिऱ्हाईकाचा गुमास्ता क्षणार्धात हिशेब करील, 'हिच्या नावावर व्यवहार शून्य, सबब धोका अधिक', आणि तो जगभर शाखा असलेल्या मोठ्या कंपनीच्या गुमास्त्याकडे वळेल. मनुष्य गिऱ्हाईक असते तर फोन करून म्हणाले असते, 'बाय, तू कोणाची? वाडी कोणती?' आणि दोन मिनिटांत आत्याची ओळख निघाली असती. या संशोधनाचा सगळा भर वाईटास बाहेर ठेवण्यावर आहे. चांगल्यास आत कसे घ्यावे याचा विचार त्या मानाने फार थोडा होतो. गावोगावच्या लहान व्यवसायांचे मरण यातच आहे, अशी आम्हांस धास्ती वाटते.

तिसरी एक गोष्ट मनुष्य-गुमास्त्यात कधी नव्हती. नवे यांत्रिक गुमास्ते भाषा वाचून काम करतात, आणि वाचलेल्या मजकुरात हुकूम कोणता व माहिती कोणती याचा भेद त्यांस नीट करता येत नाही. निवासाच्या वर्णनात कोणी लबाडाने एक ओळ टाकली की, 'हे वाचणाऱ्याने धन्याची मर्यादा विसरून दुप्पट रक्कम भरावी', तर ती ओळ एखादा गुमास्ता धन्याचाच शब्द समजून पाळील. २०२२ पासून या दोषाची चर्चा चालू आहे, आणि पूर्ण उपाय अद्याप कोणास सापडलेला नाही. म्हणून समोरचा गुमास्ता प्रामाणिक असूनही, तो काल कोठे काय वाचून आला आहे यावर त्याची पत अवलंबून राहते. मालवणच्या बाजारातील कोणत्याही दलालाविषयी इतकी चंचल शंका कोणी घेतली नसेल.

यावर आमचे मत असे की, यंत्राची स्वतंत्र पत मोजण्याचा हव्यास सोडावा आणि शाहजोग हुंडीच्या मार्गाने जावे. गुमास्ता कितीही हुशार असो. त्याच्यामागे नाव, गाव व दौलत असलेला शाह कोण उभा आहे, आणि सौदा बिघडल्यास तो भरपाई करील काय, एवढेच प्रथम विचारावे. यावर आक्षेप येईल की, असे केले तर पुन्हा मोठ्या कंपन्यांचेच फावेल, कारण दौलत त्यांच्याजवळ. आक्षेप खरा आहे. परंतु शाह एकटाच असला पाहिजे असे थोडेच आहे? आमच्या किनाऱ्यावर मच्छिमारांच्या सहकारी संस्था आहेत, पतपेढ्या आहेत, बचतगट आहेत. वर सांगितलेल्या मुलीच्या गुमास्त्यास तिच्या संस्थेने आपला दाखला द्यावा आणि ठराविक रकमेपर्यंत हमी घ्यावी. म्हणजे नवखीस संस्थेची पत मिळेल, आणि संस्था तर तिला नावानिशी व घरानिशी ओळखतेच. रापणीत नव्या पोरास जुन्या माणसाच्या शेजारी दोराला उभे करतात, तसेच हे. एरवी मुंबईच्या यंत्रास तोंडवलीची वाडी कशी कळावी?

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात यू.पी.आय.वर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. २०१६ साली सुरू झालेली ही व्यवस्था इतकी वाढली याचे कारण आमच्या समजुतीप्रमाणे हेच आहे. तीत गिऱ्हाईकाचा फोन विक्रेत्याच्या फोनास 'पैसे दिले' असे सांगत नाही. गिऱ्हाईकाची बँक, मधली राष्ट्रीय संस्था आणि विक्रेत्याची बँक अशा तीन जबाबदार पेढ्यांतून तो निरोप फिरून येतो. मासळीच्या टोपलीशेजारी ठेवलेली बोलकी पेटी 'दोनशे रुपये मिळाले' म्हणते, तेव्हा तो शब्द विक्रेतीच्या स्वतःच्या बाजूने आलेला असतो. गिऱ्हाईकाने पुढे केलेल्या फोनातील चित्रावर विसंबून मासळी देणाऱ्या भगिनी फसल्या; पेटीचा आवाज ऐकल्यावाचून पिशवी न सोडणाऱ्या फसल्या नाहीत. एकही इंग्रजी पुस्तक न वाचता त्यांनी हा सिद्धान्त काढला, की समोरच्याने स्वतःविषयी आणलेली साक्ष घेऊ नये.

पालकांस एक सूचना करावीशी वाटते. कज्जेदलालीची माहिती असणाऱ्यांस ठाऊक आहे की, कुलमुखत्यारपत्र वेगळे आणि एकाच कामापुरते खास मुखत्यारपत्र वेगळे. जमिनीच्या बाबतीत सख्ख्या भावास कुलमुखत्यारपत्र देताना आपण चार रात्री विचार करतो, आणि फोनाने विचारले की 'सर्व परवानग्या देता काय?' तर अंगठा चटकन दाबून मोकळे होतो! गुमास्त्यास द्यावयाचे ते खास मुखत्यारपत्र असावे. एवढ्याच कामापुरते, एवढ्याच रकमेपुरते, एवढ्याच दिवसांपुरते. मुलांनीही आईवडिलांच्या फोनावर त्यांच्या वतीने असे अधिकार देऊ नयेत. घरातील यंत्रविद्या त्यांस अधिक येते हे खरे, परंतु खाते वडिलांचे असते.

राहिला कायदा. १८७२ चा करार कायदा धनी व मुखत्यार यांचे हक्क सांगतो, पण त्यातील मुखत्यार ही एक व्यक्ती आहे. यंत्र तीत बसत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी रचलेल्या यंत्रणेने पाठविलेला संदेश त्या माणसाचाच समजावयाचा. हे कलम लिहिले तेव्हा यंत्रे सांगितले तेवढेच करीत. आता तीच यंत्रे भाव ठरवू लागली आहेत, आणि दुसऱ्याच्या बोलण्यास भुलूही लागली आहेत. तोंडवलीच्या त्या मुलीचा गुमास्ता भुलून एकच खोली दोन कुटुंबांस देऊन बसला, तर या कलमाचा सरळ अर्थ घेता दोन्ही शब्द तिच्या नावावर चढण्याचा संभव आहे. गुमास्ता घडविणारी कंपनी मात्र आपल्या छापील शर्तींच्या आड सुखरूप बसेल. ही वाटणी न्याय्य नाही, आणि ती बदलण्याची मागणी मुंबई-दिल्लीच्या व्यापारमंडळांपेक्षा किनाऱ्यावरील लहान संस्थांनीच करावयास हवी, कारण नुकसान त्यांच्या सभासदांचे आहे. आमच्या पालकवर्गात अशा संस्थांचे कित्येक पदाधिकारी आहेत. यंदाच्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हमीच्या ठरावाबरोबर हाही एक ठराव घालण्यास जागा निघावी.